अपडेटनंतर संगणक रुसला तर...

काल रात्रीपर्यंत नीट चालणारा घरचा संगणक अपडेट होताच विचित्र वागू लागतो, तेव्हा खरे नुकसान बहुधा घाईघाईत केलेल्या उपायांमुळे होते. अशा वेळी कोणत्या क्रमाने काय करावे आणि काय मुळीच करू नये, याविषयी थोडेसे.

रात्री संगणक बंद करताना पडद्यावर एक ओळ उमटते. अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका. घरातले कोणी तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. सकाळी मात्र गडबड उडते. मुलाच्या ऑनलाइन वर्गाची वेळ झालेली असते आणि आवाजच येत नाही. आईला शिकवणीच्या प्रश्नपत्रिका छापायच्या असतात, तर प्रिंटर जागचा हलत नाही. आजोबांना मराठीत पत्र लिहायचे असते, पण कळफलकावर इंग्रजीखेरीज काही उमटत नाही. एखाद्या घरी तर संगणक सुरूच होत नाही, नुसता निळा पडदा दाखवून थांबतो.

मग घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. एक जण वायर खेचून काढतो, दुसरा 'फॉरमॅट मारून टाक' असा सल्ला देतो, तिसरा कुठून तरी मिळालेल्या मदत क्रमांकावर फोन लावतो. पंधरा मिनिटांत सुटला असता असा प्रश्न संध्याकाळपर्यंत दहा वर्षांचे फोटो गिळून बसतो. हे टाळणे अवघड नाही. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही, थोडा धीर आणि थोडा क्रम पुरतो.

बुधवारची सकाळ आणि अपडेट

घरोघरच्या संगणकांवर बहुतांशी मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली असते. तिच्यातील दोष आणि सुरक्षेतील फटी बुजवण्यासाठी कंपनी २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नेमाने अपडेट देते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणून त्यातून एखादी तक्रार निघाली, तर भारतातील घरांत ती बुधवारी किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत दिसू लागते. या मासिक अपडेटखेरीज साधारण वर्षातून एकदा मोठे अपडेट येते. त्यात प्रणालीची जवळजवळ नवी आवृत्तीच बसवली जाते.

दोष काढण्यासाठी आलेले अपडेट नवा दोष का निर्माण करते? संगणकातील प्रत्येक भागासाठी, म्हणजे आवाज, पडदा, वाय-फाय, प्रिंटर यांसाठी 'ड्रायव्हर' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो दुभाष्याचे काम करतो. विंडोजने सांगितलेले तो प्रिंटरला त्याच्या भाषेत समजावून देतो. अपडेटमुळे विंडोजच्या बोलण्यात थोडा फरक पडला आणि दुभाषी जुनाच राहिला, की दोघांचा संवाद तुटतो. जगात प्रिंटर आणि संगणकांच्या इतक्या जोड्या आहेत, की प्रत्येक जोडी आधी तपासून पाहणे कोणालाही शक्य नाही. मार्च २०२१ मधील अपडेटनंतर काही विशिष्ट कंपन्यांच्या प्रिंटरवर छपाईची आज्ञा देताच संगणक निळा पडदा दाखवून बंद पडत असे. काही दिवसांतच कंपनीला दुरुस्तीचे वेगळे अपडेट द्यावे लागले. ज्यांनी त्या दिवसांत नवा प्रिंटर विकत आणला असेल, त्यांचे पैसे उगाच गेले.

पहिला उपाय : हात आवरा

अपडेट चालू असताना टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ अडकते आणि माणसाचा धीर सुटतो. पण अपडेट अर्धवट असताना वीज तोडणे म्हणजे शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून रुग्णाला घरी पाठवणे. जुन्या, कमी वेगाच्या हार्डडिस्कवर मोठ्या अपडेटला काही तास लागू शकतात. संगणकावरील छोटा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असे समजून थांबावे. ज्या गावात वीज वारंवार जाते, तेथे मोठे अपडेट भारनियमनाच्या वेळेत सुरू करू नये. लॅपटॉप असेल तर तो चार्जरला जोडून ठेवावा. डेस्कटॉपला यूपीएस असला, तरी घरगुती यूपीएसचा जोर काही मिनिटांचाच असतो, हे विसरू नये.

अपडेट पूर्ण झाल्यावर पहिले काही तास संगणक मंद चालणे स्वाभाविक आहे. आतल्या आत फायलींची सूची नव्याने तयार होत असते, व्हायरसविरोधी प्रोग्रॅम सारे पुन्हा तपासत असतो, इतर प्रोग्रॅमही स्वतःला अद्ययावत करून घेत असतात. संगणक काही तास चालू राहू द्यावा. एक दिवस उलटूनही मंदपणा गेला नाही, तरच त्याला बिघाड म्हणावे.

दुसरी गोष्ट 'रीस्टार्ट' करण्याची. 'बंद करून पुन्हा चालू केला की!' असे पुष्कळ जण सांगतात. पण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' केल्यावर संगणक बहुधा पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून प्रणालीचा गाभा तो आहे त्या अवस्थेत साठवून ठेवतो. त्यामुळे आतला घोळही जसाच्या तसा साठवला जातो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. अपडेटनंतर काही बिघडले, तर दोनदा 'रीस्टार्ट' करून पाहावे. कित्येक तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

दुसरा उपाय : आधी फायली वाचवा

संगणक पुन्हा विकत मिळतो, विंडोज पुन्हा बसवता येते. बाळाच्या बारशाचे फोटो, वडिलांच्या हिशोबाच्या वह्या, वर्षानुवर्षे जमवलेल्या शिकवणीच्या टिपणांची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी, संगणक कसाबसा का होईना चालू होत असेल, तर सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून घ्यावी. कोणत्या फायली? डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स आणि मुख्य म्हणजे डेस्कटॉप. आपल्याकडे निम्मा संसार डेस्कटॉपवरच मांडलेला असतो.

ही भीती काल्पनिक नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चे एक मोठे अपडेट जगभर उपलब्ध झाले. काही लोकांनी ते बसवले आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरमधील फायली पुसल्या गेल्याचे त्यांना आढळले. तक्रारी येताच कंपनीने चार दिवसांत ते अपडेट थांबवले, दोष दुरुस्त केला आणि १३ नोव्हेंबरला ते पुन्हा दिले. अशा तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक इतकेच होते, असे कंपनीने सांगितले. पण ज्याचे फोटो गेले, त्याला या प्रमाणाचा काय दिलासा? ज्यांच्याकडे दुसरी प्रत होती, त्यांचा एक दिवस वाया गेला, एवढेच.

मात्र फायली दिसत नाहीत म्हणजे त्या गेल्याच, असेही नसते. फेब्रुवारी २०२० मधील अपडेटनंतर काहींना संगणक सुरू होताच कोरा करकरीत डेस्कटॉप दिसला. सगळे पुसले गेले म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. प्रत्यक्षात विंडोजने त्यांना तात्पुरत्या, पाहुण्यासारख्या खात्यात नेऊन बसवले होते. त्यांचा जुना फोल्डर 'सी' ड्राइव्हवरील 'यूजर्स' या फोल्डरमध्ये, नावापुढे वेगळी शेपटी लागलेल्या अवस्थेत, सुखरूप होता. काहींचा प्रश्न संगणक पुन्हा पुन्हा सुरू केल्यावर सुटला, काहींचा ते अपडेट काढून टाकल्यावर. त्या कोऱ्या डेस्कटॉपला पाहून ज्याने संगणक फॉरमॅट केला असेल, त्याने आपल्या फायली स्वतःच्याच हाताने घालवल्या.

फायली न दिसण्याचे आणखी एक साधे कारण म्हणजे 'वनड्राइव्ह'. मायक्रोसॉफ्टची ही साठवण सोय चालू झाली, की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधील फायली 'वनड्राइव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये हलवल्या जाऊ शकतात. तेव्हा रडारड करण्यापूर्वी तेथेही डोकावावे. शोधाच्या चौकटीत एखाद्या फायलीचे नाव टाकून पाहावे. आणि फायली खरोखरच पुसल्या गेल्या असतील, तर त्या संगणकावर नवे काहीही साठवू नये. पुसलेल्या फायलीची जागा दुसऱ्या फायलीने व्यापली, की ती परत मिळण्याची आशा उरत नाही.

नेमके काय बदलले?

डॉक्टर ज्याप्रमाणे 'कधीपासून दुखते, काय खाल्ले होते' असे विचारतात, तसेच येथेही विचारावे. सेटिंग्ज उघडून 'विंडोज अपडेट' आणि त्यातील 'अपडेट हिस्टरी' पाहावी. कोणते अपडेट कोणत्या तारखेला बसले, याची यादी तेथे असते. प्रत्येक अपडेटला 'केबी' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. तो कागदावर उतरवून घ्यावा. मग मोबाइलवर तो क्रमांक शोधला, तर हीच तक्रार इतरांनाही आली आहे काय, हे चटकन कळते. मायक्रोसॉफ्ट आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीतील ज्ञात दोषांची यादी आणि त्यांवरील उपाय प्रसिद्ध करत असते.

तारखा जुळत नसतील, तर अपडेटवर खापर फोडू नये. संगणक नेमका त्याच आठवड्यात बिघडला, हा निव्वळ योगायोगही असू शकतो. 'सी' ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल, तर अपडेट अर्धवट राहते आणि संगणकही रांगू लागतो. पाच-सहा वर्षांची हार्डडिस्क खरखर आवाज करत असेल, तर ती शेवटच्या घटका मोजत आहे असे समजून आधी प्रत काढावी. आतील पंख्यावर धुळीचा थर बसला असेल, तर संगणक तापून आपोआप बंद पडतो. मुलांनी त्याच दिवशी एखादा खेळ किंवा फुकटचा प्रोग्रॅम बसवला आहे का, हेही प्रेमाने विचारावे. रागावून विचारले, तर खरे उत्तर मिळत नाही!

लहान तक्रारी, घरगुती उपाय

आवाज येत नाही : पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून आवाज कोणत्या उपकरणाकडे जात आहे, ते पाहावे. पुष्कळदा अपडेटनंतर तो स्पीकरऐवजी मॉनिटरकडे वळवलेला असतो, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतात.

प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो : प्रिंटर आणि संगणक दोन्ही पुन्हा सुरू करावेत. भागले नाही, तर सेटिंग्जमधून प्रिंटर काढून टाकून पुन्हा जोडावा. ड्रायव्हर हवा असेल, तर तो प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणारे फुकटचे प्रोग्रॅम घरात घेऊ नयेत. त्यांच्याबरोबर नको ते पाहुणे येतात.

वाय-फाय गेले : आता नवा ड्रायव्हर तरी कसा उतरवणार, असा पेच पडतो. मोबाइल डेटा केबलने संगणकाला जोडून मोबाइलच्या सेटिंग्जमधील 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. वाय-फायशिवायही संगणकाला इंटरनेट मिळते.

पडदा लुकलुकतो : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. 'टास्क मॅनेजर'ची चौकट उघडते. तीही इतर सगळ्यांबरोबर लुकलुकत असेल, तर दोष पडद्याच्या ड्रायव्हरचा. ती स्थिर राहून बाकीचे लुकलुकत असेल, तर दोष एखाद्या प्रोग्रॅमचा असतो.

मराठी टायपिंग गायब झाले : विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला, की कळफलकाची भाषा बदलते. यादीत मराठी नसेलच, तर सेटिंग्जमधील भाषेच्या विभागात जाऊन मराठी पुन्हा जोडावी. २०१९ पासून विंडोज १० मध्ये आणि पुढे विंडोज ११ मध्ये मराठीचा ध्वन्यात्मक कळफलकही आहे. त्यात इंग्रजी अक्षरांनी उच्चार टाइप केले, की देवनागरी उमटते. युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटमधील जुने लेखन मात्र तो फाँट संगणकावर नसेल, तर निरर्थक चिन्हांसारखे दिसते. अशा फाँटची फाइल जपून ठेवावी. ती पुन्हा बसवली, की मजकूर वाचता येतो.

ड्रायव्हरच बिघडल्याची खात्री झाली, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या भागाच्या नावावर दोनदा क्लिक करून ड्रायव्हरच्या पानावरील 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबावे. जुना दुभाषी पुन्हा कामावर येतो. हे बटण फिकट दिसत असेल, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजावे.

वरीलपैकी एका वेळी एकच उपाय करावा. उपाय केला, संगणक पुन्हा सुरू केला, फरक पाहिला आणि वहीत लिहिले, अशी पद्धत ठेवावी. पाच उपाय एकदम केले, तर कशाने बरे वाटले ते कळत नाही आणि कशाने बिघडले तेही कळत नाही.

अपडेट मागे घेता येते

पुष्कळांना हे ठाऊक नसते, की बसलेले अपडेट काढता येते. मासिक अपडेट असेल, तर विंडोज ११ मध्ये 'अपडेट हिस्टरी'च्या तळाशी 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हा पर्याय असतो. तारीख पाहून शेवटचे अपडेट काढावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

वर्षातून येणारे मोठे अपडेट असेल, तर सेटिंग्जमधील 'सिस्टिम' आणि त्यातील 'रिकव्हरी' येथे 'गो बॅक' हा पर्याय मिळतो. त्याची मुदत मात्र सामान्यतः दहाच दिवसांची असते. जुनी आवृत्ती तोपर्यंत 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जपलेली असते, नंतर ती आपोआप पुसली जाते. म्हणून मोठे अपडेट बसल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रिंटर, स्कॅनर, आवाज, कॅमेरा, मराठी टायपिंग असे सर्व काही एकदा तपासून घ्यावे. आणि जागा मोकळी करण्याच्या उत्साहात हा फोल्डर उडवू नये.

तिसरा मार्ग 'सिस्टिम रिस्टोअर'चा. त्याने संगणकाची अंतर्गत व्यवस्था एखाद्या आधीच्या दिवसासारखी करता येते, आपल्या फायलींना धक्का लागत नाही. त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम मात्र निघून जातात. ही सोय कित्येक संगणकांवर मुळातच बंद असते. ती आधी चालू केलेली असेल, तरच ऐनवेळी उपयोगी पडते.

काढलेले अपडेट लगेच पुन्हा येऊन बसू नये, म्हणून 'पॉज अपडेट्स' या पर्यायाने काही आठवडे अपडेट थांबवता येतात. तेवढ्या अवधीत बहुधा कंपनीकडून दुरुस्ती येते.

संगणक सुरूच होत नसेल तर

ही वेळ खरी कसोटीची. विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होऊ शकली नाही, तर ती आपोआप दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तेथे 'ट्रबलशूट' आणि मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडावे. 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हा पर्याय तेथेही असतो, म्हणजे विंडोज सुरू न होताही शेवटचे अपडेट काढता येते. तेथेच 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून संगणक पुन्हा सुरू करून ४ ही कळ दाबली, की 'सेफ मोड' सुरू होतो. यात विंडोज अगदी आवश्यक तेवढ्याच सामानानिशी उभी राहते. सेफ मोडमध्ये संगणक नीट चालला, तर यंत्र धडधाकट आहे आणि दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा आहे असा अंदाज बांधता येतो. याच पडद्यावर 'रीसेट धिस पीसी' हाही पर्याय दिसतो. तो शेवटचा समजावा आणि फायलींची प्रत हाती असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

सेफ मोडचे महत्त्व साऱ्या जगाने १९ जुलै २०२४ या दिवशी पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. विमानतळ, बँका, रुग्णालये यांचे व्यवहार विस्कळीत झाले. भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. कंपनीने ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतले, पण तोवर बंद पडलेले संगणक त्यामुळे जागे होणार नव्हते. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जायचे आणि एक सदोष फाइल काढून टाकायची. मात्र तो बहुतेक ठिकाणी प्रत्येक संगणकापाशी जाऊन करावा लागला. हे सुरक्षा उत्पादन कंपन्यांसाठीचे असल्याने घरगुती संगणक सहसा वाचले. पण एवढा मोठा बिघाडही फॉरमॅट न करता दुरुस्त झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कधीकधी अपडेटनंतर संगणक ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागतो. जुलै २०२४ मधील मासिक अपडेटनंतर काही संगणकांवर असे झाले होते. याचा अर्थ संगणकातील माहिती कुलूपबंद आहे आणि प्रणालीला आपल्या ओळखीबद्दल शंका आली आहे. ही किल्ली बहुधा संगणक सुरू करताना जोडलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. पण ते खाते कोणाच्या नावाचे, पासवर्ड काय, हेच घरात कोणाला आठवत नसेल, तर फायली मिळण्याचा मार्ग बंद होतो. हरवलेली किल्ली कंपनीही नव्याने देऊ शकत नाही. म्हणून ती आजच शोधून कागदावर लिहावी आणि घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी.

मदतीच्या नावाखाली

गोंधळलेल्या माणसाला लुबाडणे सोपे असते. पडद्यावर अचानक 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' असा संदेश येतो, भोंगा वाजू लागतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो, आणि कंपनी आपणहून कोणाच्या घरी फोनही करत नाही. असा फोन लावला, की पलीकडचा गोड बोलून संगणकाचा ताबा मागतो आणि बँक खात्यापर्यंत पोचतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी झडती घेतली, त्यात अशी बनावट मदत केंद्रे चालवणाऱ्यांचाही समावेश होता. कोणी फसलेच, तर संगणकाचे इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता कमी.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे संगणक द्यायचा झाला, तरी चार गोष्टी आधी स्पष्ट कराव्यात. फायलींची प्रत काढल्याशिवाय आणि घरच्यांना विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचे नाही. काय केले ते बिलावर लिहून द्यायचे. जुना भाग बदलला, तर तो परत द्यायचा. विंडोजची चोरटी प्रत बसवायची नाही. कित्येक दुकानांत सर्व रोगांवर फॉरमॅट हे एकच औषध असते, कारण त्यात दुरुस्तीवाल्याचा वेळ वाचतो. वही आणि 'केबी' क्रमांक घेऊन गेलेल्या ग्राहकाला असे गुंडाळणे जड जाते. आणि काम झाल्यावर पासवर्ड बदलण्यास विसरू नये.

अपडेटच नको म्हणावे का?

एकदा पोळल्यावर काही जण अपडेट कायमचे बंद करून टाकतात. हा तर आगीतून फुफाट्यात पडण्याचा प्रकार. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभर थैमान घातले. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्याच्या तडाख्यात सापडले. दुःखाची गोष्ट अशी, की ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिले होते. त्या काळात आधार असलेल्या विंडोजवर ज्यांनी ते बसवले होते, त्यांची ती फट बंद झालेली होती.

विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची सोय देण्यात आली. विंडोज ११ साठी संगणकात 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा व्यवस्था आणि किमान ४ जीबी मेमरी लागते, त्यामुळे जुन्या संगणकांवर ती अधिकृतपणे बसत नाही. असा संगणक घरात असेल, तर निदान बँकेचे व्यवहार तरी त्यावर करू नयेत.

मध्यम मार्ग असा, की सुरक्षा अपडेट टाळू नये, पण मुलांच्या परीक्षेच्या किंवा आयकर विवरणपत्र भरण्याच्या आदल्या रात्रीही बसवू नये. शनिवारी दुपारी, घरात निवांतपणा असताना आणि फायलींची प्रत हाती असताना बसवावे.

सुटीच्या दिवशीची तयारी

• घरातील फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवावीत. काम झाल्यावर हार्डडिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली, तर व्हायरस तिच्यावरही हात मारतो. अगदी मोलाच्या फायलींची आणखी एक प्रत नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत ठेवावी.

• 'सिस्टिम रिस्टोअर' चालू आहे का, ते पाहावे आणि मोठ्या अपडेटपूर्वी स्वतः एक 'रिस्टोअर पॉइंट' तयार करावा.

• ४८ अंकी किल्ली, मायक्रोसॉफ्ट खात्याचे नाव, प्रिंटरचे मॉडेल आणि खरेदीची बिले एका वहीत लिहून किंवा चिकटवून ठेवावीत. वही कोठे आहे, हे घरातील निदान दोघांना ठाऊक असावे.

• 'सी' ड्राइव्हवर नेहमी पुरेशी जागा मोकळी ठेवावी.

• काढलेल्या प्रतीतील एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जी प्रत उघडत नाही, ती असून नसल्यासारखीच.

हे सारे एका सुटीच्या दिवशी, मुलांना हाताशी घेऊन, सहज उरकता येते. मुलांना त्यात गंमत वाटते, आणि पुढच्या वेळी निळा पडदा दिसला, तर वायर खेचण्याऐवजी आधी वही आणायला तीच धावतात.